हॅलोबाईंचा डावा कान

गल्लीत त्यांना सगळे हॅलोबाई म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढलेल्या बाईला हे नाव चिकटायचंच. पण बाईंनाही ते इतकं आवडलं होतं की दार वाजलं तरी त्या आतून “हॅलो, कोण बोलतंय?” असंच विचारायच्या. बाहेरचा माणूस नवखा असला तर गोंधळून “मी... दारातून बोलतोय” म्हणायचा आणि बाईंचा दिवस मजेत जायचा.

एक्स्चेंजमधला हेडफोन एकाच कानाचा असायचा. बाईंनी पहिल्या दिवशी तो डाव्या कानावर चढवला आणि एकतीस वर्षं तिथून हलवला नाही. डावा कान सरकारी कामाला, उजवा शेजारच्या खुर्चीवरच्या गप्पांना, अशी त्यांची सोय होती. ‘ए बाई’ म्हणून हुकूम सोडणाऱ्या एका बड्या साहेबांचा फोन त्यांनी एकाच सकाळी तीनदा हवामान कचेरीला जोडून दिला होता. चौथ्या वेळी साहेब ‘कृपया’ म्हणाले. “लगेच लाइन सुधारली हो,” असं बाई अजूनही निरागस चेहऱ्याने सांगत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी डाव्या कानाला नवी नोकरी लावून दिली. ऐकू न येण्याची. जिन्याची रंगरंगोटी, पाण्याच्या टाकीची बैठक, कुणाच्या तरी जावेची तक्रार, असलं काही घेऊन कुणी आलं की बाई अलगद मान वळवून डावा कान पुढे करायच्या आणि म्हणायच्या, “काय? जरा मोठ्याने.” तीनदा मोठ्याने सांगून समोरचा माणूस थकायचा आणि दुसरं दार गाठायचा. हा सगळा अभिनय आहे आणि आपण तो झकास करतो, याचा बाईंना मनातून अभिमान होता. अभिनय कधीच संपलाय आणि आता खरंच ऐकू येत नाही, याचा त्यांना पत्ता नव्हता.

त्यांचे यजमान बसचे ड्रायव्हर होते. पस्तीस वर्षांत गाडी कुठे घासली नाही, पण वेळेवरही कधी पोचवली नाही, म्हणून डेपोतल्या मंडळींनी त्यांचं नाव ‘पायलट’ ठेवलं. तेच पुढे पायलटकाका झालं. काका कमी बोलायचे. निदान बाईंचा तसा समज होता. बैठकीच्या खोलीत दोन माणसांचा एक सोफा होता. त्यावर डाव्या हाताला काका आणि उजव्या हाताला बाई, ही जागावाटणी लग्नानंतर पहिला सोफा आला तेव्हापासूनची. जेवायलाही तसंच, झोपायलाही तसंच. एवढ्या वर्षांत दोघांचं म्हणावं असं भांडण झालं नव्हतं आणि याचं श्रेय बाई स्वतःच्या गोड स्वभावाला देत.

लेक परगावी नोकरीला होती. तिने स्वतःसाठी नवा म्युझिक सेट घेतला आणि जुना आईबाबांना आणून दिला. मध्ये सेट, दोन बाजूंना दोन स्पीकर. बाई त्यांना भोंगे म्हणायच्या. लेकीने सोफ्यासमोर सगळं मांडलं आणि एकेक बटण समजावून सांगितलं.

“हे आवाजाचं. हे जाडबारीक करायचं. आणि हे बॅलन्सचं. डावीकडे फिरवलं की डावा स्पीकर मोठा, उजवीकडे फिरवलं की उजवा. हे मधोमध ठेवायचं, आई. याला हात लावायचा नाही.”

हात लावायचा नाही असं बजावलेल्या बटणाला हात न लावणं बाईंच्या रक्तातच नव्हतं. तरी त्यांनी लेकीची गाडी सुटेपर्यंत धीर धरला.

घरी येऊन त्यांनी गाणं लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. गायक समोर उभा राहून गायच्या ऐवजी उजव्या कोपऱ्यात, कपाटापाशी जाऊन गात होता. डावा भोंगा अंग चोरत होता. बाईंनी बॅलन्सचं बटण हळूच डावीकडे फिरवलं, आणखी थोडं फिरवलं. गायक कपाटापासून निघून समोर आला. बटणावरची पांढरी रेघ घड्याळातल्या नवाच्या जागी होती. बाई खूश झाल्या.

संध्याकाळी भाजी घेऊन परत आल्या आणि सेट लावला, तर गायक कपाटाच्याही पलीकडे, जवळजवळ न्हाणीघरात. पाहिलं तर रेघ तिनावर. बाईंनी पुन्हा नऊवर आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिनावर. आठवडाभर हा खेळ चालला. काका पेपर वाचत होते आणि पेपरावरून बाईंकडे बघत होते. बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि घड्यांआडून काकांकडे बघत होत्या.

शेवटी बाईंनी कचेरीतली युक्ती काढली. त्यांच्या कपाटात शिक्क्याच्या शाईची जांभळी गादी पडून होती. त्यांनी बटणाच्या कडेला बोटभर शाई चोपडली आणि बाहेर फेरफटका मारून आल्या.

“अहो, बोटं दाखवा.”

“कशाला?”

“दाखवा तर खरं.”

काकांनी हात मागे घेतला, मग विचार बदलून पुढे केला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, दोन्ही जांभळी. नाकावरही एक ठिपका होता.

“सापडलात!” बाई म्हणाल्या.

काका शांतपणे उठले. त्यांनी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून एक काड्यापेटी काढली आणि बाईंच्या हातावर उपडी केली. जुन्या बसतिकिटांचे बारीक कपटे.

“बटण फिरवून झालं की मी त्याच्या फटीत हा कपटा खोचून ठेवतो,” काका म्हणाले. “हे अकरा कपटे मला सेटखाली पडलेले सापडले. सेटला हात फुटले नसतील, तर ते हात तुझे.”

बाईंना मनातून नवऱ्याचं कौतुक वाटलं, पण ते दाखवायची ही वेळ नव्हती.

“मग काय करणार? डावा भोंगा आजारी आहे.”

“डावा ठणठणीत आहे. उजवा गेलाय.”

“तुमच्या लेकीने गेलेला सेट आणून दिला?”

“आता ती माझी लेक झाली होय!”

कोपऱ्यावरच्या दुकानातल्या रेडिओवाल्याला बोलावणं गेलं. तो मोजकं बोलणारा माणूस होता. कानाच्या मागे पेन्सिलीसारखा स्क्रूड्रायव्हर खोचून आला आणि दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं. मग बटण मधोमध आणलं आणि सेटच्या मागच्या तारा सोडवून अदलाबदल केल्या.

“आता डावीकडचा आवाज उजव्या स्पीकरमधून येतोय,” तो म्हणाला. “खोट मशीनमध्ये असेल तर तीही बाजू बदलेल. बाई, कमी कुठून येतंय?”

“डावीकडूनच,” बाई म्हणाल्या.

रेडिओवाल्याने दोन्ही स्पीकर उचलून त्यांच्या जागा बदलल्या. “आता?”

“डावीकडूनच. म्हणजे त्या बाजूची भिंतच आवाज खाते.”

“काका, तुम्हाला?”

“उजवीकडून. पहिल्यापासून सांगतोय मी.”

रेडिओवाल्याने चहा संपवला. मग त्याने सगळ्या तारा पहिल्यासारख्या जोडल्या आणि पिशवीतून दोन कानांचा एक हेडफोन काढून सोफ्यावर ठेवला.

“सेट चांगला आहे. हा कानाला लावून एकेकाने ऐका, एकच गाणं, मग आपसात काय ते ठरवा. मी मशीन दुरुस्त करतो.” दारातून चपला घालता घालता तो पुढे म्हणाला, “फक्त मशीन.”

सेटसोबत लेकीने एक सीडी दिली होती. त्यातलं पाचवं गाणं दोघांनाही आवडलं होतं. शब्द परक्या भाषेतले, पण मागे लाटांचा आवाज आणि बोटीचा भोंगा होता, म्हणून घरात त्याला बोटीचं गाणं म्हणायचे. बाईंनी हेडफोन चढवला आणि डोळे मिटले. एक पुरुष गात होता, काकुळतीने. मध्ये तो थांबायचा, तेव्हा कुठेतरी लांब, शेजारच्या घरात, कुणीतरी गुणगुणल्यासारखं व्हायचं. मग तो पुन्हा सुरू व्हायचा.

“एकटाच गातो बिचारा,” बाई हेडफोन काढत म्हणाल्या. “गळा काय आहे!”

“कोण बिचारा?” काकांनी हेडफोन लावला आणि गाणं पूर्ण ऐकून काढला. “बाई गाते. पहिल्यापासून शेवटपर्यंत बाईच. मध्येमध्ये नुसती वाद्यं वाजतात.”

“बाई? त्याच्या मिशा दिसतात मला आवाजात!”

“मग मिशावाली बाई असेल.”

हेडफोन चार वेळा या डोक्यावरून त्या डोक्यावर गेला. चारही वेळा बाईंना पुरुष आणि काकांना बाई. संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा दोघांनी एकाच वेळी तक्रार सांगायला घेतली. लेक हसून हसून दमली आणि म्हणाली, “दोघंही जाऊन कान तपासून घ्या.” फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, “बघा, ती तुम्हाला कान तपासायला सांगतेय.” काका म्हणाले, “मला नाही, तुला.” मग पैज लागली. ज्याचं चुकेल त्याने निमूट कानाच्या दवाखान्यात जायचं, तेही रांगेत उभं राहून.

पंच म्हणून तळमजल्यावरच्या शिवणकाकूंना आणलं. त्यांच्या कानाबद्दल इमारतीत दुमत नव्हतं. शिलाई मशीन धडधडत असताना तिसऱ्या मजल्यावर कुणी कुणाला काय म्हणालं ते त्या टाका न चुकवता सांगायच्या. शिवणकाकू सोफ्यावर ऐसपैस बसल्या, हेडफोन लावला, गाणं ऐकलं. संपल्यावर बोटाने खूण केली, पुन्हा लावा. दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा खूण केली तेव्हा हॅलोबाईंनी त्यांच्या डोक्यावरून हेडफोन काढूनच घेतला.

“हं, सांगा. पुरुष की बाई?”

“दोघं आहेत की,” शिवणकाकू म्हणाल्या. “बाई एका कानात, गडी दुसऱ्या कानात. एक ओळ ही, एक ओळ तो. भाषा काही कळत नाही, पण कडाक्याचं भांडण चाललंय दोघांचं. तो म्हणतोय ये, ती म्हणतेय मरा तिकडेच. फार गोड गाणं आहे हो!”

दोघंही पैज हरले होते, म्हणजे कुणीच जिंकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दवाखान्याच्या रांगेत उभे होते.

कान तपासणारी मुलगी तरुण होती आणि फार गोड बोलायची. तिने बाईंना काचेच्या खिडकीच्या एका बंद खोलीत बसवलं. कानावर हेडफोन आणि हातात एक बटण दिलं. “आवाज आला की दाबायचं, काकू. अगदी बारीक आला तरी.”

बटण हातात आलं आणि बाईंमधली ऑपरेटर जागी झाली. नापास व्हायचा त्यांचा विचार नव्हता. त्यांनी पाहिलं की आवाज सोडताना त्या मुलीचा उजवा खांदा किंचित हलतो. बस, मग काय! खांदा हलला की बटण. उजव्या कानाला गरजच नव्हती, पण डाव्या कानाच्या वेळीही बाईंचा एकही आवाज चुकला नाही. पाच मिनिटांनी मुलीने दार उघडलं.

“काकू, मी आत्ता खांदा खाजवला, तरी तुम्ही बटण दाबलंत.”

“मग काहीतरी वाजलं असेल.”

“मशीन बंद होतं.”

मुलीने खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि तपासणी पुन्हा सुरू केली. यावेळी डाव्या कानाची पाळी आली तेव्हा बाई बसून राहिल्या. वाट बघत राहिल्या. भिंतीवर एक खिळा होता, त्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं, मुलगी चहा प्यायला गेली असावी. मग कुठूनतरी अगदी तळातून एक बारीक टूं टूं आली आणि त्यांच्या लक्षात आलं की मुलगी मघापासून आवाज सोडतच होती. बाईंनी बटण दाबलं. आपण लोकांना फसवतोय म्हणून इतकी वर्षं आनंदात होतो आणि तेवढ्यात कानाने आपल्यालाच फसवलं, हे त्यांना त्या भिंतीसमोर बसून कळलं.

कागदावर दोघांचे आलेख आले. बाईंचा डावा कान खाली घसरलेला आणि उजवा शाबूत. काकांचा उजवा घसरलेला, कारण पस्तीस वर्षं तो खिडकीपाशी वारा आणि हॉर्न खात बसला होता. डावा शाबूत.

“घरी तुम्ही कसे बसता?” मुलीने सहज विचारलं. बाईंनी सोफ्याचं वर्णन केलं. मुलीने कागदावर दोन डोकी काढली, त्यांना चार कान काढले, दोन कानांवर फुल्या मारल्या आणि मग पेन खाली ठेवून ओठ दाबून हसू आवरलं.

“काकू, तुमचा अधू कान काकांकडे आणि काकांचा अधू कान तुमच्याकडे. एवढी वर्षं तुम्ही एकमेकांशी बोलता कसे?”

“छान बोलतो की,” बाई म्हणाल्या. “कधी भांडण नाही.”

“होणार कसं?” मुलगी म्हणाली. मग तिने नीट समजावलं. कानाच्या नसा थकल्या आहेत, त्या परत येणार नाहीत. यंत्र लावलं तर बरंच सुधारेल. गाण्यापुरतं, ज्या बाजूचा कान अधू ती बाजू थोडी मोठी ठेवायला हरकत नाही, पण फार मोठी नको. “आणि अचानक, एकदोन दिवसांत एखाद्या कानाचं ऐकू यायचं बंद झालं, तर मात्र त्याच दिवशी यायचं. आठवडा घालवायचा नाही. हे तुमच्या ओळखीच्या लोकांनाही सांगा.”

घरी आल्यावर दोघांनी सोफ्यावर जागा बदलल्या. काका उजवीकडे, बाई डावीकडे. दोघांनाही परक्याच्या घरी आल्यासारखं वाटत होतं. बाईंनी बहिणीला फोन लावला, जुन्या सवयीने डाव्या कानाला धरला आणि दवाखान्याची हकिगत तिखटमीठ लावून सांगायला सुरुवात केली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. तेवढ्यात उजव्या बाजूने, अगदी स्पष्ट, हलक्या आवाजात आलं, “हिची बहीण एक्स्चेंजमध्ये असती, तर तारा वितळल्या असत्या.”

बाई चमकल्या. काका पेपर वाचत होते आणि ओठ हलताना दिसतही नव्हते. बाईंनी फोन ठेवला.

“काय म्हणालात?”

काकांनी पेपर खाली केला. त्यांचा चेहरा पोलिसाने हात दाखवल्यावर होतो तसा झाला होता. “ऐकू आलं?”

“म्हणजे तुम्ही बोलता? नेहमी असं बोलता?”

काकांनी थोडा विचार केला. “गाडी चालवताना सवय लागली. समोरच्याला ऐकू जात नाही, पण आपलं मन मोकळं होतं.”

“किती वर्षांपासून?”

“लग्नाच्या आधीपासून.”

त्या दिवशी त्यांचं पहिलं मोठं भांडण झालं आणि दोन दिवस टिकलं. बाईंनी बहिणीची बाजू घेतली. काकांनी पुटपुटून उत्तरं दिली आणि ती सगळी ऐकू गेली. उलट काकांनाही नव्या जागेवरून बरंच ऐकू येऊ लागलं. बाई स्वयंपाक करताना त्यांच्याबद्दल पातेल्याशी काय बोलतात, तेसुद्धा. तिसऱ्या दिवशी बाईंनी रागाने जाहीर केलं की आपण जुन्या जागांवर परत जाऊ. त्या उठल्या, काका उठले, आणि बाजूने जाता जाता काका पुटपुटले, “गाडी डेपोत परत. प्रवाशांनी आपापलं सामान तपासून घ्यावं.”

बाईंना हसू फुटलं. आवरायला गेल्या तर ठसका लागला. हसता हसता त्या सोफ्याच्या हातावर बसल्या आणि नवऱ्याकडे असं बघत राहिल्या, जणू रोज समोरून जाणाऱ्या माणसाने आज थांबून नाव सांगितलं. हा माणूस आपल्या उशाशी आयुष्यभर असले विनोद करत होता आणि एकही आपल्यापर्यंत पोचला नव्हता.

“बसा तिथेच,” त्या म्हणाल्या. “उजवीकडेच बसा. आणि जे काय पुटपुटायचं ते पुटपुटत राहा. माझ्या बहिणीला सोडून.”

“मग उरतंच काय?” काका पुटपुटले.

रेडिओवाल्याने हेडफोन परत मागितला नाही. उलट दुसरा एक घेऊन आला. साबणाच्या वड्या येतात तसल्या लाकडी खोक्यात त्याने दोन हेडफोनांची सोय केली आणि प्रत्येकाला डाव्याउजव्याचं वेगळं बटण बसवलं. बाईंनी आपलं डावीकडे वळवलं, काकांनी आपलं उजवीकडे, आणि दोघांनी एकत्र बोटीचं गाणं लावलं. पहिल्यांदा दोघांना गाण्यातले दोघंही नीट ऐकू आले.

गाणं संपल्यावर बाईंनी हेडफोन उतरवला. “अहो, ती बाई फार मध्येमध्ये करते.”

“मला तर तो रडका नकोसा झाला,” काका म्हणाले. “बरी गात होती एकटी.”

यावर दोघांचं लगेच एकमत झालं, आणि पाचवं गाणं आपापलं अर्धं अर्धं ऐकायचं ठरलं. बाकी सगळी गाणी मात्र पूर्ण.

रेडिओवाला अधूनमधून खोकं बघायला यायचा. एका सकाळी त्याने हेडफोन लावला, बटण इकडेतिकडे फिरवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “उजवी तार तुटलीय.” त्याने स्क्रूड्रायव्हर काढला. खोकं उघडायच्या आत बाईंनी हेडफोन त्याच्या डोक्यावरून काढला, उलटा केला आणि परत चढवला. डावी वाटी उजव्या कानावर.

“आता?”

“उजवीकडे काही नाही.”

“कालपर्यंत येत होतं?”

“परवापर्यंत. काल सकाळी कानात पाणी गेल्यासारखं झालं. जाईल आपोआप.”

बाईंनी चपला घातल्या. “अहो, खाली रिक्षा थांबवा,” त्यांनी आत हाक दिली. रेडिओवाला नको नको म्हणत होता. दुकान उघडं आहे, गिऱ्हाईक येणार आहे, एवढ्याशा कानासाठी कशाला. बाईंनी त्याच्याकडे डावा कान करून “काय? जरा मोठ्याने,” म्हटलं आणि त्याचं काहीएक न ऐकता त्याला जिन्यावरून खाली नेलं.

डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध सुरू केलं. आठवडाभर थांबला असता तर कान बहुधा गेला असता, असं ते म्हणाले. महिनाभरात रेडिओवाल्याच्या त्या कानाचं बरंचसं परत आलं. तो तसाच मोजकं बोलायचा, पण गिऱ्हाईक कुठलीही खोट घेऊन आलं, तरी आधी त्याला हॅलोबाईंकडे पाठवायला लागला.

अशी बाईंच्या सोफ्यावर माणसं यायला लागली. एकेकाला बाई पाचवं गाणं ऐकवायच्या आणि विचारायच्या, “कोण गातंय?” जो म्हणायचा दोघं, त्याला चहा. जो म्हणायचा एकटी बाई किंवा एकटा पुरुष, त्यालाही चहा आणि सोबत दवाखान्याचा पत्ता. टाकीच्या बैठकीचे सेक्रेटरी छातीठोकपणे “फक्त बोटीचा भोंगा” म्हणाले. त्यांना बाईंनी स्वतः सोडून यायची तयारी दाखवली.

सहा महिन्यांनी दवाखान्यातली ती मुलगी जिने चढून घरी आली. रांगेतला दर तिसरा माणूस बोटीच्या गाण्याबद्दल का बोलतो, हे तिला बघायचं होतं. तिने गाणं ऐकलं, खोकं उलटंसुलटं करून पाहिलं आणि मग येण्याचं खरं कारण सांगितलं.

“काकू, मंगळवारी येत जाल का? म्हातारी माणसं येतात, पण त्या काचेच्या खोलीत जायला तयार होत नाहीत. आम्हाला सगळं ऐकू येतं म्हणतात आणि परत जातात. तुम्ही नुसत्या बाकावर बसा त्यांच्याशेजारी.”

बाईंच्या एका कानात आता छोटंसं यंत्र होतं. त्यांनी ते बोटाने नीट केलं आणि कबूल झाल्या.

पहिल्याच मंगळवारी एक उंच, कडक इस्त्रीचे आजोबा आले. हातात काठी, शेजारी काळजीत पडलेली सून. “मला टाचणी पडली तरी ऐकू येते,” ते सगळ्या दालनाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत होते. बाई उठून त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या आणि त्यांच्या कानापाशी वाकून काहीतरी बोलल्या. आजोबा ढिम्म हलले नाहीत. बाई उठल्या, वळसा घालून उजव्या बाजूला आल्या आणि तेच वाक्य दुसऱ्या कानात म्हणाल्या.

आजोबा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. त्यांनी एकदा बाईंकडे, एकदा सुनेकडे पाहिलं, काठी टेकून ताडकन उठले आणि कुणाच्याही आधाराशिवाय काचेच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसले.

“काय सांगितलंत तुम्ही?” सुनेने डोळे मोठे करून विचारलं.

“‘टाचणी पडली, ऐकलीत का?’ एवढंच,” म्हणत बाईंनी पुढच्या माणसाला सरकून जागा करून दिली. “नमस्कार,” त्या त्याला म्हणाल्या. “कोणत्या कानापासून सुरू करू?”